फुकटचा मुक्काम फुकट पडत नाही: पाहुणे ठेवण्याचा आणि पाहुणे होण्याचा अनुभव, नागपूरहून

अनोळखी प्रवाशांना घरी फुकट ठेवायचं आणि प्रवासात आपणही तसंच दुसऱ्यांकडे राहायचं, हे आम्ही सुरू केल्याला वर्ष व्हायला आलं, तरी नातेवाइकांचा प्रश्न बदललेला नाही: "ओळख ना पाळख, घरात काऊन घेता बाप्पा?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पद्धत अशी. आपण प्रवासाला निघालो की त्या गावातल्या सभासदाला निरोप टाकायचा, जमत असेल तर तो घरी ठेवून घेतो. आपल्या गावात कोणी आलं की आपण ठेवायचं. पैशाचा व्यवहार नाही, आणि ज्याने आपल्याला ठेवलं त्यालाच ठेवायला हवं असंही नाही. ही काही आजकालच्या पोरांची टूम नव्हे. सर्वास ही संस्था १९४९ सालची. लोक एकमेकांच्या घरी राहिले, एकत्र जेवले तर पुन्हा युद्धं व्हायची नाहीत, असा त्यामागचा विचार. काउचसर्फिंग हे संकेतस्थळ २००४ मध्ये आलं आणि प्रकार जगभर पसरला. २०२० मध्ये त्यांनी वर्गणी लावली, तेव्हा बरेच जण बीवेलकमकडे वळले, जे स्वयंसेवक चालवतात आणि मोफत आहे. वॉर्मशॉवर्स खास सायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी. आम्ही एका सर्वसाधारण आणि एका सायकलवाल्यांच्या ठिकाणी नाव नोंदवलंय. कोणत्या ते लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

आधी नागपूरबद्दल, कारण इथला अनुभव बनारस किंवा उदयपूरच्या यजमानासारखा नसतो. नागपूर बघायला म्हणून कोणी येत नाही, सगळे इथून पुढे कुठेतरी जाणारे असतात. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे मिळतात, ताडोबा आणि पेंचला जाणारे इथे उतरतात. आणि श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग नागपुरातून जातो. थंडीत काश्मीर-कन्याकुमारी सायकलवाल्यांचा ओघच लागतो. सिवनीहून पहाटे निघालेला माणूस पेंचचं जंगल ओलांडून संध्याकाळी आमच्या वर्धा रोडच्या बाजूच्या घरी पोचतो, तेव्हा त्याला झीरो माइलही बघायचा नसतो आणि दीक्षाभूमीही. त्याला अंघोळ, कपडे धुवायचं मशीन आणि भात हवा असतो. तो भात किती खातो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. सासूबाई पहिल्यांदा नाराज होत्या, पण त्या जेवणाने विरघळल्या. "वाढ ना अजून, दोन दिवसांचा उपाशी दिसून राहिला तो," असं म्हणत वरणाची पातेली त्यांनी स्वतःच पुढे सरकवली.

अशाच एका केरळच्या मुलाच्या मागच्या चाकाची तार वाटेतल्या खवासा गावाजवळ तुटली होती. बिघडलेलं चाक घेऊन तो रात्री पोचला. आमच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी ठेवून, ब्रेकच्या रबराशी चाक घासतंय का ते बघत तो एकेक तार पाव-पाव फेरा आवळत होता. सोसायटीचा चौकीदार तोवर या पाहुण्यांकडे संशयानेच बघायचा. कधी त्याने बॅटरी धरली कळलं नाही, मग "इकडचं जरा ढिल्लं आहे भाऊ" असा सल्लाही देऊ लागला. नवीन तार दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत फिरून मिळाली. म्हणजे एका रात्रीचा पाहुणा दोन रात्रींचा झाला, आणि माझा नवरा ऑफिसला उशिरा पोचला.

इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. लोक विचारतात, जादा खोली आहे का तुमच्याकडे? खोली नाही आमच्याकडे, हॉलमध्ये गादी टाकतो. लागतो तो वेळ. पाहुण्याला घ्यायला खाली जायचं, संध्याकाळ त्याच्यासोबत काढायची, सकाळचे पोहे जरा जास्त टाकायचे. ज्यांची संध्याकाळ रोज ऑफिसातच मावळते, त्यांनी तीन बेडरूमचं घर असलं तरी यात पडू नये. पाहुणे होऊन जाणाऱ्यांनाही हेच लागू. फक्त रात्रीची झोप हवी असेल तर सरळ लॉज करा, तो स्वस्त पडतो.

परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म, पूर्वीचा सी फॉर्म, २०२५ च्या नव्या नियमांपासून फॉर्म ३. हे हॉटेलांनाच लागतं असा बहुतेकांचा समज असतो, पण घरी ठेवणाऱ्यालाही पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे माहिती द्यावी लागते. ऑनलाइन होतं. त्यासाठी आधी आपल्या घराची नोंदणी करायची, मग पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील भरायचा. पहिल्यांदा वैताग येतो, नंतर सवय होते. पाहुणा दमून आला असला तरी त्याची बॅग उघडायच्या आत पासपोर्ट मागून घ्या, तो झोपला की सकाळपर्यंत राहून जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे लेखी पत्र मागितलं. दिलं. अजून त्यांचं काही उत्तर आलेलं नाही, म्हणजे चालतंय असं आम्ही धरून चाललोय.

जेवणाचं सांगायला हवं. घर शाकाहारी, आणि येणारा प्रत्येक जण वाचून आलेला असतो की नागपुरात सावजी खायचं. मग नवरा त्यांना बाहेर घेऊन जातो. डोळ्यांतून पाणी आणि तरी अजून एक वाटी रस्सा, असे दोन-तीन फोटो आमच्याकडे जमलेत. मी मात्र सकाळी तर्री पोह्यांच्या टपरीवर नेते. पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा हे मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना परदेशी लोकांपेक्षा जास्त खटकतं, का ते देवाला माहीत.

आता उलट बाजू, आम्ही पाहुणे. कोलकात्यात आमच्या यजमानीणबाईंनी पहिल्याच सकाळी घराची किल्ली हातात दिली आणि त्या ऑफिसला निघून गेल्या. मी अजून कोणाला किल्ली दिलेली नाही आणि देईन असं वाटत नाही. घरात सासूबाई असतात, तो एक भाग, पण खरं सांगायचं तर तेवढं मन मोठं नाही माझं. हनोईत ज्या विद्यार्थिनीकडे राहिलो, तिनेही पोचल्याबरोबर पासपोर्ट मागितले, कारण तिथेही घरी आलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. आम्ही दोघं हसलो, तिला वाटलं आम्ही चिडलो. तिला इंग्रजी बोलायचा सराव हवा होता, आणि आम्हाला कोणत्या गाड्यावर माशाचा सॉस नसतो हे सांगणारं माणूस. तिथे शाकाहारी माणसाला ही मदत हॉटेलच्या खोलीपेक्षा मोलाची.

तक्रारी. पहिली, अभिप्राय. सगळ्यांचे सगळे चांगले. वाईट लिहिलं तर समोरचाही आपल्याबद्दल वाईट लिहील, या भीतीने कोणी खरं लिहीत नाही. म्हणून मी काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते बघते. "शांत, स्वतःपुरता राहणारा" एवढंच असेल तर तो माणूस जेवायलाही बाहेर आला नसणार. "पुन्हा नक्की या" हे वाक्य कुठेच नसेल तर मी नाही म्हणते. दुसरी, बायकांसाठी. निरोपाच्या आडून भलत्याच हेतूने लिहिणारे पुरुष आहेत. एकाची तक्रार केली, आठवड्याने छापील उत्तर आलं आणि त्याचं खातं तसंच चालू. तेव्हापासून नवरा गावाला गेला असेल तर एकटा पुरुष पाहुणा घेत नाही, आणि मी एकटी प्रवास करते तेव्हा बाई किंवा कुटुंब असेल तिथेच विचारते. तिसरी किरकोळ: दहा जणांना एकच मजकूर चिकटवणारे. आम्ही प्रोफाइलमध्ये खाली लिहून ठेवलंय की घरात मांजर आहे, तिच्याबद्दल काहीतरी लिहा. मांजराचा उल्लेख नसलेले निरोप मी उघडून बंद करते.

एप्रिल-मेमध्ये आम्ही दार बंद ठेवतो. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेल्यावर हॉलमधल्या एका कूलरसमोर किती जण झोपणार? दिवाळीपासून होळीपर्यंत हा आमचा हंगाम.

यंदा मात्र एक वेगळा निरोप आलाय. बंगळुरूची एक मुलगी, फोटो काढते, तिला फक्त मारबत बघायला नागपूरला यायचंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. मांजराबद्दलही तिने चार ओळी लिहिल्या होत्या. तिला हो कळवलंय, सोबत एवढंच की चप्पल जुनी घाल, आणि कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर आण.