वर्गात वेब आणायचं तर कुठल्या वाटेनं: गूगल क्लासरूम, मूडल की कोलिब्री?

"सर, एका कंपनीकडून १२ टॅब्लेट मिळालेत. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ठरवायचंय, मुलांना नक्की कशावर बसवायचं?" नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा मे महिन्यातला हा फोन. असे फोन ऐरोलीहून येतात, दिघ्याहून येतात, कळव्याहून तर येतातच, कारण तिथे मी बरीच वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शाळाशाळांत जाऊन वर्गात वेब रुजवायचं काम करतो. बाईंशी अर्धा तास बोललो, तरी बरंच राहिलं. ते इथे लिहितो.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट प्रत्येक वर्गाचा आहेच. सूचनांसाठी तो उत्तम, तो बंद करू नका. पण गृहपाठ त्यावर मागवलात की ४८ वह्यांचे फोटो येतात, त्यातले निम्मे आडवे, काहींवर हाताची सावली, आणि कुठला फोटो कुणाचा हे फोन नंबरावरून ओळखायचं. त्यामुळे आपल्या तुलनेत तो नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पडद्यावर व्हिडिओ लावून सगळ्या वर्गाने तो बघणं म्हणजे वर्गात वेब आलं असं मी मानत नाही. मुलाने स्वतः काही करून पाहावं, लिहावं, चुकावं, पुन्हा करावं, आणि ते शिक्षकाला दिसावं, यासाठी वेब हवं. तिन्ही पर्याय मी याच मापाने मोजतो.

गूगल क्लासरूम २०१४ पासून आहे आणि बहुतेक शिक्षकांनी २०२० च्या टाळेबंदीत ते एकदा तरी हाताळलंय. त्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे गृहपाठ देताना 'प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी प्रत' हा पर्याय. मूल लिहीत असतानाच शिक्षकाला मजकूर दिसतो, कडेला टिपण लिहिता येतं. घणसोलीत आठवीच्या वर्गाला मी 'आमच्या वस्तीतलं पाणी' हा विषय दिला होता. एका मुलीने पाच ओळी लिहून काम संपवलं. मी कडेला विचारलं, "टँकर किती वाजता येतो? रांगेत कोण उभं राहतं?" दुसऱ्या दिवशी तिने आजीच्या हंड्यांबद्दल लिहिलं, तिसऱ्या दिवशी शेजारणीशी झालेल्या भांडणाबद्दल. शेवटी दीड पान झालं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. वहीवर लाल शाईने 'छान' लिहून हे झालं नसतं. लेखन सुधारायचं असेल तर तिघांत क्लासरूमच्या तोडीचं काही नाही.

अडचण खात्यांची आहे. घरात एक फोन, तोही वडिलांचा. मुलं त्यांच्याच खात्यावरून वर्गात शिरतात. मग जमा झालेल्या कामांच्या यादीत मुलांऐवजी वडिलांची, दुकानांची नावं दिसतात, आणि सहावीतल्या भावाचं काम नववीतल्या बहिणीच्या वर्गात येऊन पडतं. याला उपाय आहे. शाळेच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबपत्ता, घ्यायचं आणि गूगलकडे अर्ज करायचा. शाळा म्हणून पडताळणी झाली की 'वर्कस्पेस फॉर एज्युकेशन'ची मूळ आवृत्ती फुकट मिळते. मग प्रत्येक मुलाला शाळेचं खातं देता येतं आणि पासवर्ड विसरला तर शाळाच बदलून देते. वैयक्तिक खात्यांत हे शक्य नाही. डोमेनचे पैसे मात्र दर वर्षी भरावे लागतात, आणि ते कोण भरणार हे संस्थेशी आधीच बोलून घ्या. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि पालकांच्या संमतीची अट घातलीय. म्हणून पहिल्या पालकसभेत मराठीत लिहिलेलं संमतीपत्र ठेवा, वाचून दाखवा, मग सह्या घ्या.

मूडल हे ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची. ते शाळेने स्वतः घेतलेल्या सर्व्हरवर चालतं, म्हणून मुलांची सगळी माहिती शाळेच्या ताब्यात राहते. घटक चाचण्या, प्रश्नपेढी, प्रत्येक मुलाला वेगळे प्रश्न, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवायची संधी, चुकीच्या उत्तराला 'पान अमुक पुन्हा वाच' असा प्रतिसाद, हे सगळं त्यात आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदी ठेवणाऱ्या शिक्षकाचा पुष्कळ वेळ यात वाचतो. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये, शिक्षकाने परवानगी ठेवली असेल, तर चाचणी नेट नसताना सोडवून नंतर पाठवता येते.

मराठीत लघुउत्तरी प्रश्न करताना एक काळजी घ्यावी लागते, आणि ती मला फार उशिरा कळली. यंत्र अक्षर अन् अक्षर जुळवून पाहतं. उत्तर 'किनाऱ्यावर' असेल आणि मुलाने 'किनार्‍यावर' ऐवजी कीबोर्डवर सापडला तसा 'किनार्यावर' टाइप केला, तर गुण शून्य. 'पूर्ण' आणि 'पुर्ण' यांचं तेच. भूगोलाच्या चाचणीत ऱ्हस्व-दीर्घासाठी मूल नापास व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. म्हणून एकाच प्रश्नाला चार-पाच मान्य उत्तरं भरून ठेवा, किंवा उत्तराच्या बदलत्या भागाच्या जागी तारांकित खूण वापरा. शुद्धलेखनाची चाचणी वेगळी घ्या. गूगल फॉर्मवर चाचणी घेणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागेल.

तरीही मूडल मी सहजासहजी सुचवत नाही. माझ्या माहितीतल्या एका शाळेत ते दोन वर्षं सुरेख चाललं. ज्या सरांनी उभारलं त्यांची समायोजनात, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांच्या बदलीत, दुसरीकडे रवानगी झाली. होस्टिंगचं, म्हणजे सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेचं, नूतनीकरण करा अशी पत्रं त्यांच्या खासगी ईमेलवर जात राहिली आणि एक दिवस सगळं बंद पडलं. नववी-दहावीची मेहनतीने केलेली प्रश्नपेढी गेली, बॅकअप कुणी घेतलेला नव्हता. दोष कुणा एकाचा नाही, पण मूडलला दोन माणसं लागतात आणि दोघांनाही पासवर्ड माहीत असावे लागतात. महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवणारं कुणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता कोलिब्री. हे नाव आपल्याकडे फार कमी शिक्षकांनी ऐकलंय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लर्निंग इक्वॅलिटी या ना-नफा संस्थेने २०१७ मध्ये ते आणलं. कल्पना साधी आहे: इंटरनेटवरचं शिक्षणसाहित्य एकदाच उतरवून शाळेतल्या एका संगणकावर ठेवायचं, शेजारी एक वायफाय राउटर लावायचा. टॅब्लेटच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आणि पुढे :8080 टाकलं की सगळं उघडतं. नेट लागत नाही, डेटा जात नाही. कचेरीतला जुना संगणक चालतो, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणकही चालतो. पडद्यावरचे शब्द मराठीत ठेवता येतात. मुलांची खाती शाळेतच तयार होतात, त्यांना ईमेल लागत नाही. कुठल्या मुलाने कुठला स्वाध्याय कितव्या प्रयत्नात सोडवला हे शिक्षकाला दिसतं.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी गोष्टींची पुस्तकं यात येतात. पण मला जास्त मोल वाटतं ते फेट (PhET) या प्रकल्पातल्या, पडद्यावरच करून बघायच्या प्रयोगांचं. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या अनेक प्रयोगांची मराठी भाषांतरं झालेली आहेत. प्रयोगाची फाइल उतरवून कोलिब्री स्टुडिओ या साहित्य जमवायच्या संकेतस्थळावर स्वतःच्या वाहिनीत चढवता येते. दिघ्याला नववीत 'धाराविद्युत' शिकवताना परिपथ जोडायचा प्रयोग मुलांसमोर ठेवला. एका टॅब्लेटवर चौघं. पुस्तकातली आकृती बाजूलाच राहिली आणि एका गटाने तार थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली. पडद्यावर ज्वाळा उठल्या. "सर, बॅटरी पेटली!" पाच मिनिटांत सगळ्या टॅब्लेटवर बॅटऱ्या पेटत होत्या. मी थांबवलं नाही. मग विचारलं, मध्ये बल्ब लावला की का पेटत नाही? रोध हा शब्द त्या दिवशी मला फळ्यावर लिहावा लागला नाही, मागच्या बाकावरच्या मुलाने तो स्वतःहून काढला. खऱ्या प्रयोगशाळेत शॉर्टसर्किट करून बघा असं कोण सांगेल? या प्रयोगानंतर खऱ्या तारा, खरा सेल हातात द्यायलाच हवेत, हे मात्र विसरू नका.

कोलिब्रीत उणं काय? मुलाने निबंध लिहून जमा करावा अशी सोय नाही. शाळेबाहेर गेलं की मूल त्यापासून तुटतं. आणि वीज. दिघ्याच्या त्याच शाळेत संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच बंद व्हायचा, रास्पबेरी पाय तसाच धाडकन बंद पडायचा. तिसऱ्या आठवड्यात मेमरी कार्ड बिघडलं आणि मुलांच्या नोंदी गेल्या. यंत्र रीतसर बंद करूनच स्विच बंद करायचा हे मी शिपाईकाकांना सांगायला हवं होतं. आता मी छोटा यूपीएस आणि साहित्य भरलेलं दुसरं मेमरी कार्ड घेतल्याशिवाय काम सुरू करू देत नाही. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात केबल तुटून नेट दोन-दोन दिवस गायब असतं, तेव्हा फक्त हाच वर्ग चालू राहतो.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि २०१७ पासूनचं केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे साहित्याचं भांडार आहे. तिन्ही पर्यायांबरोबर ते वापरा.

आता निवड. मुलांच्या घरी स्वतःचा फोन असेल, शाळेला डोमेन घेता येत असेल, भाषा आणि समाजशास्त्राचे शिक्षक उत्साही असतील तर गूगल क्लासरूम. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या अनेक शाळांना मी हेच सांगतो. संस्थेच्या चार-पाच शाळा असतील, चाचण्या एकत्र घ्यायच्या असतील आणि तंत्राची बाजू सांभाळायला दोन माणसं नेमलेली असतील तर मूडल. आणि मजूर वस्तीतली शाळा, घरात एक फोन, शाळेत मोजके टॅब्लेट अशी स्थिती असेल तर कोलिब्री, नि:शंक. तिन्ही एकदम सुरू करू नका. शिक्षकांना तीन पासवर्ड आणि तीन पद्धती शिकवायच्या म्हटलं की दिवाळीपर्यंत टॅब्लेट कपाटात जातात.

रबाळ्याच्या बाईंना मी कोलिब्री सांगितलं, फक्त नववीसाठी, आठवड्याला दोन तासिका. लेखनासाठी पहिलं सत्र संपल्यावर दहा मुलांना घेऊन क्लासरूम करून बघू. त्यांनी कचेरीतला जुना संगणक पुसून ठेवलाय, राउटर एका पालकांनी दिला. जूनच्या तिसऱ्या शनिवारी मी तिथे जातोय. शिपाईमावशींनाही बसवा, असं बाईंना आधीच सांगून ठेवलंय, कारण संध्याकाळी यंत्र बंद करायचं काम त्यांच्याकडे असणार आहे.