टाके सांभाळायला काय घ्यावं: कोन, डोनट की सूट?

नसबंदीची तारीख ठरली की कुत्र्याचं तोंड टाक्यांपर्यंत पोचू न देणारं काहीतरी आधीच घरात आणून ठेवा. ऑपरेशनच्या संध्याकाळी धावपळ करून आणलेलं बहुतेक वेळा चुकीच्या मापाचं निघतं. तीन पर्याय सर्रास मिळतात: प्लास्टिकचा कोन, गळ्यात घालायचा हवा भरलेला डोनट आणि पोटाला घट्ट बसणारा सूट. आमच्याकडे बंड्या आणि चिमी या दोघांच्या वेळी तिन्ही वापरून झाले. त्यातला चांगला कुठला, असं लोक विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते, नर आहे की मादी? मान लांब आहे का? दिवसभर घरात कोण असतं?

नराचा छेद बहुधा वृषणाच्या पिशवीच्या जरा पुढे, लहानसा असतो. पण जागा अशी, की बसल्या बसल्या मान वाकवली की जीभ पोचते. चाटत राहिला तर पिशवी सुजते, आत रक्त साकळतं, टाके पिकतात. मादीचा छेद बहुधा पोटाच्या मधोमध, बेंबीच्या खाली असतो आणि आत पोटाच्या स्नायूंनाही टाके असतात. तिने वरचे टाके तोडले आणि आतला थरही सुटला, तर आतडं बाहेर येण्याइतकी वेळ येऊ शकते. कुत्र्याच्या चाटण्याने जखम लवकर भरते हा समज तर सोडूनच द्या. लाळेत जंतू असतात आणि सतत ओली राहिलेली जखम चिघळते.

कोन दिसायला सगळ्यात वाईट आणि कामाला सगळ्यात पक्का. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात गळ्याभोवती घालायच्या चुणीदार कॉलरवरून त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे थोडी, 3 ते 5 सेंटिमीटर, यायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं जातील इतकीच ढिलाई हवी. कड आखूड पडली तर जीभ वळसा घालून पोचतेच. पारदर्शक प्लास्टिक मिळालं तर तेच घ्या, बाजूचं थोडं तरी दिसतं.

पहिले दोन दिवस मात्र बघवत नाही. बंड्या दाराच्या चौकटीला कड अडकली की तिथेच उभा राहायचा. एक पाऊल मागे घ्यायचं त्याला सुचायचंच नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. पाचच मिनिटं मोकळा राहू दे म्हणून कोन काढला आणि तेवढ्यात फोन आला. परत आले तर कोपऱ्यातून चप चप आवाज येत होता. दोन टाके गायब, कातडी लालभडक आणि ओली. डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले आणि दिवस पहिल्यापासून मोजायला लागले. त्याची दया करायला गेले आणि त्यालाच दुसऱ्यांदा दुखवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कोनाचा जाच कमी करता येतो. जेवणाचं भांडं कोनाच्या तोंडाहून लहान घ्या आणि बुटक्या स्टुलावर ठेवा. पाणी पिता येत नसेल तर जेवणापुरता कोन काढा, पण डोळे त्याच्यावरच हवेत आणि फोन दुसऱ्या खोलीत. आतली कड रोज ओल्या फडक्याने पुसा.

डोनटमध्ये कुत्रा छान झोपतो, उशीच मिळाल्यासारखी. खाणंपिणं सोपं, आजूबाजूचं सगळं दिसतं. पण तो तोंड झाकत नाही, फक्त मान वळू देत नाही. आखूड मानेच्या, चपट्या तोंडाच्या, जाडजूड कुत्र्याला तो पुरतो. लांब मान, निमुळतं तोंड, लवचिक अंग असलं की निरुपयोगी. विकत घेणार असाल तर ऑपरेशनच्या आधी परीक्षा घ्या. डोनट घाला, टाके पडणार त्या जागेजवळ आवडीचा खाऊ थोडासा चोळा आणि बघत बसा. बंड्याची जीभ पहिल्याच मिनिटात पोचली होती. शिवाय दात लागला की हवा गेली.

चिमीला सूटने सुख दिलं. ती त्यात नेहमीसारखी वेटोळं करून झोपली, दारातून न धडकता वावरली. मादीचा छेद त्यात पुरता झाकला जातो. पण छेद झाकला म्हणजे तुम्हालाही दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ सूट उघडून जखम बघायलाच हवी. शूला नेताना मागचा भाग गुंडाळून वर बांधावा लागतो. एकदा विसरलात तर कापड ओलं, आणि ओलं कापड टाक्यांवर राहू देऊन चालत नाही. त्यामुळे सूट दोन हवेत, एक अंगावर, एक धुण्यात. नराच्या बाबतीत ही भानगड फार होते आणि छेदाची जागाही नीट झाकली जाईलच असं नाही. शिवाय कापडावरून चाटणारे, कुरतडणारे महाभाग असतात. पोटाशी ओला डाग दिसला की समजा, सूट पुरेसा नाही. जुना टी-शर्ट गाठ मारून घालणं कोणी समोर असेपर्यंत ठीक, एरवी तो सरकतो.

म्हणून माझं मत असं. नर असेल तर कोन, फाटे न फोडता. मादी शांत असेल आणि घरात माणूस असेल तर दिवसा सूट, पण रात्री आणि एकटी राहताना कोनच. डोनट परीक्षेत पास झाला तरच.

टाके आपोआप विरघळणारे असले तरी हे 10 ते 14 दिवस टळत नाहीत. त्या दिवसांत आंघोळ नाही, सोफ्यावर उड्या नाहीत, फिरणं पट्ट्यावर आणि थोडंच. कण्हतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच वेदनाशामक, त्यांनी सांगितलेल्याच मात्रेत. सूज उतरायच्या ऐवजी वाढत गेली, वास किंवा पू आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, उलट्या होत राहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीही त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, तर फोटो पाठवत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

आणि टाके काढून आणले की त्याच क्षणी कोन फेकू नका. टाक्यांच्या बारीक छिद्रांना खाज सुटते, तेव्हा आणखी एक दिवस तो गळ्यात राहू द्या.