ट्रॉलीला हुक कोणता: पिनचा, पिक-अपचा की झुलता ड्रॉबार?

ट्रॅक्टर घेताना लोक एचपी विचारतात, ट्रॉली घेताना टन विचारतात. दोघांना जोडणारा हुक मात्र दुकानदार हातात ठेवील तो. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात उसाचा हंगाम तोंडावर आला की हुक बदलायची घाई सुरू होते. त्याआधी एवढंच ठरवा की ट्रॉली दोन चाकी आहे की चार चाकी. हुक किती ओढतो ते नंतर बघू, त्याच्यावर वजन किती बसतं ते आधी.

चार चाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते. तिची दांडी वरखाली हलती असते, त्यामुळं हुकावर ओढ येते, भार जवळजवळ नाही. दोन चाकीचा अ‍ॅक्सल मध्याच्या थोडा मागं असतो, म्हणून मालाचा काही भार दांडीतून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर उतरतो. कागवाडकडच्या काळ्या रानात ओल असताना हे बरंच, टायरला पकड मिळते. पण चढाला तोच भार पुढची चाकं हलकी करतो आणि स्टेअरिंग फिरवलं तरी तोंड वळत नाही. अशा वेळी पुढं वजनाच्या प्लेटा लागतातच.

चार चाकीला माझं मत साध्या पिनच्या हुकाला. हुकाच्या दोन पात्यांत ट्रॉलीच्या दांडीची कडी घालायची, वरून पिन टाकायची. स्वस्त, कुठल्याही गावात दुरुस्त होणारा, आणि बहुतेकांत उंची बदलायची भोकं असतात. त्याचा खरा तोटा जोडताना कळतो. एक जण ट्रॅक्टर मागं घेतो, दुसरा पिन धरून मध्ये उभा राहतो. ती जागा जीवघेणी आहे. ट्रॅक्टर पूर्ण थांबून ब्रेक लागल्याशिवाय कुणालाही मध्ये शिरू देऊ नका.

पिक-अप हुकात हा प्रकार नाही. सीटवरूनच हायड्रॉलिकनं हुक खाली सोडायचा, कडीखाली न्यायचा, उचलायचा. वर गेला की खटका बसतो. दिवसभर वीट, माती, शेणखत ओढणाऱ्या, वारंवार सोडजोड करणाऱ्या दोन चाकी डंपिंग ट्रॉलीला हा पैसे वसूल करून देतो. भार मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ आणि खाली घेतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो तुमच्या ट्रॅक्टरच्या मॉडेलचाच हवा, आणि चिखल वाळून खटका अर्धवट बसलाय का हे रोज खाली वाकून बघावं लागतं. दोन चाकीत माल मागं जास्त भरला की दांडी वर उसळते. खटका बसलेला नसेल तर कडी तिथंच सुटते.

झुलता ड्रॉबार म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेली लोखंडी पट्टी. अवजारं ओढायला उत्तम, वळणावर बाजूला सरकतो. ट्रॉली लावून रस्त्यावर जायचं तर दोन्ही बाजूंच्या पिना टाकून तो मधोमध पक्का करा. जड दोन चाकी ट्रॉलीसाठी मी तो घेणार नाही. भार बसून पट्टी वाकते.

आणखी एक पद्धत सर्रास दिसते, तिच्यावर फुलीच मारा. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, ब्रॅकेटला ट्रॉली अडकवणं. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालकावर उलटतो. यात एचपी कितीही असो, काही उपयोग नाही.

धातूबाबत आपण नशीबवान. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, चांगलं काम जवळच मिळतं. तरी विचारून घ्या, हुक फोर्जिंगचा (तापवून ठोकलेल्या पोलादाचा) आहे की साध्या बिडाचा? फोर्जिंग आधी वाकून इशारा देतं, बीड न सांगता तुटतं. फोर्जिंगच्या हुकाला तडा गेला तर वेल्डिंग मारू नका, बदला. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणारे आहेत. तो झिजतो, वाकतो आणि निघत नाही. पिन कडीला साजेशा जाडीची, खाली स्प्रिंगची क्लिप असलेली घ्या. कडीचं भोक लांबट झालं असेल तर नवी पिन घालूनही झटके थांबत नाहीत, आधी कडीचा बुश (भोकातली नळी) बदला.

बसवताना बोल्ट हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे), डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले. पहिल्या काही खेपांनंतर पुन्हा आवळा. भरलेली ट्रॉली सपाट जागी आडवी समतल दिसली पाहिजे. नाक वर किंवा खाली असेल तर उंचीचं भोक बदला.

उतार वेगळा विषय. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, मग निपाणीजवळच्या तवंदी घाटात सगळं वजन हुकातून ट्रॅक्टरला मागून ढकलतं. चार चाकी यात जास्त त्रास देते, दांडी तिरकी झाली की ट्रॅक्टरला आडवं करते. उताराआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल नको, आणि डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही ब्रेक पेडल पट्टीनं जोडलेले असू द्या. ब्रेकवाली ट्रॉली मिळत असेल तर महागड्या हुकापेक्षा पैसे तिथं घाला.

डबल ट्रॉली, म्हणजे एकामागं एक दोन, ओढणाऱ्यांनी पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हुक तपासावा. तो बऱ्याचदा नुसत्या मागच्या आडव्या पट्टीला वेल्ड केलेला असतो. चेसिसच्या दोन्ही उभ्या चॅनलपर्यंत तो जोडून घ्या. दोन्ही जोडांना सेफ्टी चेन, दांडीखालून फुलीसारखी, वळताना ताणणार नाही एवढी ढिली. दिव्याची वायर शेवटच्या ट्रॉलीपर्यंत न्या, सात पिनचा सॉकेट १२ व्होल्टवर चालतो. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी लावताना उसाचे वाढे (शेंडे) लोंबून ती झाकणार नाहीत अशी जागा निवडा.