जुन्या फाउंटन पेनांसाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर: उपयोग आणि मर्यादा

चष्मे आणि दागिने धुण्यासाठी मिळणारे लहान अल्ट्रासॉनिक क्लीनर फाउंटन पेनात खडखडीत वाळलेली शाई काढण्यासाठीही चालते, असे अनेक पेनप्रेमी सांगतात. बराच काळ वापरल्यानंतर ते घेण्यासारखे आहे असे माझेही मत झाले आहे. मात्र अख्खे पेन त्यात सोडून बटण दाबणे हा जुन्या पेनावर अन्याय आहे.

हे यंत्र सेकंदाला साधारण 40,000 कंपने निर्माण करते. त्यामुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही अशा फटींतील शाई सुटू लागते. निब आणि तिच्याखालची, तिला शाई पुरवणारी जीभ यांसाठी याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. 1941 साली बाजारात आलेल्या पार्कर 51 सारख्या पेनात निब आवरणाखाली झाकलेली असते आणि आतल्या कलेक्टरच्या, म्हणजे जादा शाई धरून ठेवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांत शाई घट्ट बसते. अशा पेनाचे फक्त पुढचे टोक पाण्यात धरून यंत्र सुरू केले, की आधी निळसर धागा खाली उतरतो आणि मागोमाग काळे कण गळू लागतात.

परंतु हे घडते ते शाई आधी भिजलेली असेल तरच. पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय यंत्र लावल्यास केवळ वरवरचा थर निघतो. तेवढ्याने भागले नाही, तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घालावा. मात्र पितळी किंवा ॲल्युमिनियमचे भाग त्यात फार वेळ ठेवू नयेत आणि नंतर पेन भरपूर पाण्याने धुवावे. लोहाचे क्षार असलेल्या आयर्न गॉल शाईला अमोनिया चालत नाही. तिचा साका सोडवायला ॲस्कॉर्बिक आम्लाचे सौम्य द्रावण उपयोगी पडते. स्पिरिट कधीही वापरू नये, कारण सेल्युलॉइड हे जुन्या पेनांतले प्लास्टिक त्याने खराब होते.

यंत्राची मला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे ते सलग चालवले की पाणी तापते. एबोनाइट, म्हणजे जुन्या पेनांतले कडक रबर, गरम पाण्याने तपकिरी पडते आणि गेलेली चकाकी सहज परत येत नाही, म्हणून थोडा वेळ चालवून पाणी बदलणे भाग आहे. केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचे पेन तर साध्या पाण्यातही फुगते. ते यंत्राजवळ नेऊच नये. तडा गेलेले भाग आणि सुटू लागलेला मुलामा असलेल्या निबाही बाहेरच ठेवाव्यात.

दट्ट्याच्या पेनाची टाकी धुण्यात यंत्राचा फारसा उपयोग नाही. तिथे पाणी पुन्हा पुन्हा ओढून सोडावे लागते. खोलता येणाऱ्या पेनाच्या पुढच्या भागातून जोरात पाणी सोडायला रबरी फुग्याची पिचकारी लागते, आणि दोहोंपैकी एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी निःशंकपणे पिचकारी निवडेन.

सोबत येणारी जाळीदार टोपली मात्र निबेच्या टोकासाठी घातक आहे. कंप पावणारे टोक जाळीवर आपटू नये म्हणून पेन हातात धरावे, किंवा निब तळाला टेकणार नाही अशा बेताने दोऱ्याने टांगावे.