‘रिंगें बैठ रही हैं भैया’ म्हणत १२,६०० घेतले

वडिलांची १९९४ची बुलेट, साडेतीनशेची, बिडाच्या सिलिंडरची. निळा धूर सोडायला लागली म्हणून इथेच इंदूरला एका गॅरेजमध्ये इंजिन बांधायला दिलं. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. बोअर-होनिंग (सिलिंडर आतून मोठा करून घासणं) १,४००, ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठं) पिस्टन-किट ३,८५०, गॅस्केट-ऑइल १,६५०, मजुरी ४,५००. एकूण ११,४००, रोख, साध्या चिठ्ठीवर. पक्कं बिल घ्याच!

लेथवरून आलाय म्हणून त्यानं सिलिंडर दाखवला. आत आरशासारखा चकाकत होता. मी बोट फिरवलं, गुळगुळीत. "फिनिशिंग देखो भैया." आणि मी चक्क "वा!" म्हणालो. तिथेच कळायला हवं होतं. होनिंग केलेला बोअर कधी चकाकत नाही. तो राखाडी दिसतो, उजेडात धरला की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसतात. त्या रेघांत तेल टिकतं, त्यांच्यावरच घासून रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं कडं, भिंतीला घट्ट बसते. तो "वा!" आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण आई त्या आठवड्यात ॲडमिट होती, मी रामबाग ते दवाखाना फेऱ्या मारत होतो. अशा वेळी माणूस मिस्त्रीवर विश्वास टाकतोच.

धूर थांबेना. दर वेळी एकच उत्तर: "रिंगें बैठ रही हैं, हज़ार किलोमीटर चालीस के ऊपर मत जाना." मी इमानदारीनं पाळलं. मध्येच ऑइल बदलायचे आणखी १,२०० नेले. अहो, रिंगेला भिंतीवर दाबतो तो जळत्या गॅसचा दाब. गाडी नुसती हळू चालवली तर तो दाब येत नाही आणि तेल भिंतीवर करपून काचेसारखा गुळगुळीत थर चढतो. रिंगा बसायच्या त्या सुरुवातीच्या किलोमीटरांतच. इंजिन गरम झालं की थ्रॉटल थोडा उघडायचा, सोडायचा, उगाच आयडलवर उभी ठेवायची नाही. हजार किलोमीटर म्हणजे त्याचा निव्वळ वेळकाढूपणा.

सिमरोलच्या घाटात गाडीनं दम टाकला. दुसऱ्या मिस्त्रीनं माझ्यासमोर खोलली. पिस्टनच्या माथ्यावर ०.५०चा शिक्काच नाही! जुनाच पिस्टन, कार्बन घासून, त्यावर नव्या रिंगा. रिंग बोअरमध्ये सरकवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला. रिंगेच्या दोन टोकांमधली जी फट ०.३ मिमीच्या आसपास हवी ती १ मिमीच्या वर. फिटिंगच्या आधी शिक्का आणि ही फट स्वतः बघा, फोटो काढा.

चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी "गाडी चलती तो है ना?" मग अर्ज टाइप करून आणा. आणला, तर सिव्हिल मामला आहे म्हणे. जुना पिस्टन नवा म्हणून विकला, ही फसवणूक नाही तर काय आहे? पोच मागितली तर माझ्यावरच डाफरले, जणू चोर मीच. दोन महिने, सात चकरा, हातात एक शिक्का मारलेला कागद नाही.

तुम्ही तिथे वेळ घालवू नका. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. मी आता केली आहे. तो पिस्टन फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय, तारखेला तोच टेबलावर ठेवणार.