कॉन्सर्टचे इअरप्लग वर्षभर वापरले, आता सविस्तर लिहिते

गेल्या वर्षी एका गिगला मी स्पीकरच्या अगदी समोर उभी होते, म्हणजे हात लांब केला तर जाळीला लागेल इतकी जवळ, आणि एकामागोमाग तीन बँड होते, मजा तर तुफान आली पण घरी येऊन आडवी झाले तेव्हा कानात शिट्टी सुरू. जुन्या डबड्या टीव्हीतून यायची ना बारीक, सलग, तशी. असं आधीही व्हायचं पण झोपून उठलं की जायची. या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिली आणि मी खरंच घाबरले, कारण माझं सगळं याच दोन कानांवर चाललंय, आठवड्याला एक तरी लाइव्ह शो, सुट्टीच्या दिवशी जुन्या रेकॉर्ड्सचे खोके धुंडाळणं, रात्री दिवा घालवून पूर्ण अल्बम ऐकणं, हे गेलं तर उरतं काय माझ्याकडे.

म्हणून फिल्टरवाले इअरप्लग घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आतली रचना बहुतेक सगळ्यांची सारखीच असते आणि मला त्या रचनेबद्दलच बोलायचंय.

आधी फोमचे वापरून बघितले होते, ते पिळून कानात कोंबायचे आणि मग फुगतात ते. आवाज कमी होतो, भरपूर होतो, पण गाणं मरतं. गोधडी डोक्यावरून घेऊन ऐकल्यासारखं, बास तेवढा ढुम्म ढुम्म आणि गायक काय म्हणतोय ते काहीच नाही. दोन गाण्यांनंतर काढून खिशात टाकले आणि परत उघड्या कानांनी उभी राहिले. बरेच जण इथेच इअरप्लगचा नाद सोडतात असं मला वाटतं, आणि त्यांचं चुकत नाही, फोम बनलाय झोपायला आणि कारखान्यात काम करायला.

फरक कुठे पडतो सांगते. आपल्या कानाची नळी स्वतःच एक छोटं वाद्य आहे, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कशी घुमते तशी ही नळी साधारण २,७०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथला आवाज वाढवून आत पाठवते. शब्दातली व्यंजनं, गिटारची धार, झांजेची चमक यातलं खूप काही त्याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतं. बूच लावलं की ते घुमणं बंद, वर फोम तर बासपेक्षा वरचे सूर जास्त खातो, म्हणजे दुहेरी नुकसान. फिल्टरवाल्या प्लगमध्ये मधोमध एक बारीक नळी आणि पडदा असतो, तो ते हरवलेलं घुमणं बऱ्यापैकी परत आणतो, त्यामुळे वरचं खालचं सगळं जवळपास सारख्याच मापाने कमी होतं. एटिमोटिक कंपनीने १९८८ मध्ये ईआर-१५ नावाचे प्लग काढले, खास संगीतकारांसाठी, ही कल्पना तिथून पसरली. १५ म्हणजे १५ डेसिबल.

पहिल्यांदा घालून शोला गेले तो क्षण मला अजून आठवतो. ड्रमरने क्रॅश, म्हणजे ती मोठी झांज, मारली आणि माझे खांदे आक्रसले नाहीत. रोज आक्रसायचे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आणि दोन गिटार वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, एक डावीकडे कॉर्ड धरून आणि दुसरी वर बारीक काहीतरी विणत होती, हा बँड मी आधी चार वेळा ऐकलाय आणि ती दुसरी गिटार मला कधी सापडलीच नव्हती. फार मोठ्या आवाजात कान गुदमरतो, सगळं एकात एक मिसळतं. आवाज उतरवला की गाणं उलगडतं. बासची काळजी करू नका, तो छातीतून आणि बुटांच्या तळव्यातून येतोच.

आता थोडे आकडे, कारण आकडे बघितल्यावरच मला पटलं. नियॉश या अमेरिकेतल्या संस्थेची कामाच्या ठिकाणची मर्यादा आहे ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत करत १०० ला फक्त १५ मिनिटं! मी फोनवरच्या अ‍ॅपने स्पीकरसमोर मोजलं तर १०३ च्या आसपास दाखवत होतं, फोनचं मोजमाप काटेकोर नसतं हे मान्य पण अंदाज येतो. १०३ म्हणजे साडेसात मिनिटं, एका लांब गाण्याएवढी. त्यातून १५ वजा केले की ८८, म्हणजे अख्खा शो. अर्थात बसवताना फट राहिली तर १५ चे ७-८ च होतात, त्याकडे येतेच. कानाच्या आत ज्या केसाळ पेशी असतात त्या एका कानात जेमतेम १५ हजार आणि मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलंय, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत, शांत कोपरा असावा. शांत कोपरा असलेली जागा मला अजून एकही भेटली नाही.

बसवणं हे शिकावं लागतं. डावा प्लग घालताना उजवा हात डोक्यावरून मागून घ्यायचा, कानाचं वरचं टोक वर आणि मागे ओढायचं, म्हणजे नळी सरळ होते, आणि मग प्लग किंचित फिरवत आत. बरोबर बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो, तो आला नाही तर फट आहे. सोबत तीन मापांच्या रबरी टोप्या येतात, दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरून चालू नका, माझ्या उजव्या कानाला मधली आणि डाव्याला लहान लागते. हे समजायला मला तीन शो लागले, तोपर्यंत डावा सारखा सुटत होता.

त्रासही आहेत. सोबत गाता तेव्हा आपलाच आवाज डोक्यात घुमतो, जबडा हलला की प्लग सैल होतो, मग गाण्यांच्या मधे अंगठ्याने परत दाबायचा. बोलताना आपण नकळत हळू बोलतो कारण आपल्याला आपण मोठ्याने ऐकू येतो, समोरच्याला मात्र काही कळत नाही. उलट समोरच्याचं बोलणं उघड्या कानांपेक्षा स्पष्ट येतं हे मला फार आवडलंय, कानाशी येऊन ओरडायला लागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या जोडीतल्या एका प्लगचा फिल्टर चौथ्या महिन्यात टोपीतून निसटून अंधारात पडला, काळा रंग, काळी जमीन, गेला. सुटा फिल्टर मिळत नाही असं कंपनीने कळवलं, पूर्ण जोडीच घ्या म्हणे. एवढ्याशा तुकड्यासाठी चांगला दुसरा प्लग वाया घालवायचा हे मला अजिबात पटलेलं नाही. तेव्हा घ्यायच्या आधी सुटे भाग मिळतात का ते नक्की विचारा.

आता दिसण्याचं. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तयार होऊन जाणं हा माझ्यासाठी शोचाच भाग आहे, आदल्या रात्री जॅकेट काढून ठेवते, त्यावर मी हाताने शिवलेले पॅच आहेत, बूट कुठले, अंगठ्या कुठल्या सगळं ठरवते. दांडी बाहेर आलेले प्लग त्यात औषधाच्या दुकानातल्यासारखे दिसतात, म्हणून लोक लाजतात आणि घालत नाहीत. माझ्या जोडीला बाहेरच्या बाजूला छोटी गोल धातूची कडी आहे, ती कानाच्या वरच्या दोन चांदीच्या रिंगांबरोबर इतकी छान जाते की दोघींनी मला हा दागिना कुठून घेतला असं विचारलं. डबी अ‍ॅल्युमिनियमची, मी ती साखळीला लावून गळ्यात घालते, त्यामुळे विसरायचा प्रश्नच मिटला. जी गोष्ट अंगावर मिरवता येते तीच रोज वापरली जाते, माझ्या बाबतीत तरी.

शोशिवायही वापर होतो. ट्रेनमध्ये वही काढून चित्रं काढते तेव्हा घालते, खडखडाट लांब जातो आणि घोषणा तरी ऐकू येते. सायकलवर मात्र घालू नका. धुवायला कोमट पाणी आणि थोडा साबण, पण फिल्टर आधी काढून, त्यात पाणी गेलं तर सगळंच बोदं ऐकू येतं.

शिट्टी या वर्षात दोनदाच आली, दोन्ही वेळा मी प्लग मधेच काढले होते, एकदा तर फक्त शेवटच्या गाण्यासाठी. फिल्टर हरवलेल्या त्या जोडीच्या जागी आता नारिंगी रंगाची घेतलीय, अंधारात पडली तरी दिसेल अशी, आणि त्या रंगाचा एक पॅच जॅकेटच्या कॉलरवर शिवायला घेतलाय, शनिवारच्या शोच्या आधी होईल.