ज्वारी, ‘टॅनिन खाणारं’ एन्झाइम आणि घोट्यावर बसलेली पिल्लं

ब्रॉयलरच्या खाद्यात मक्याच्या जागी ज्वारी चालते, हे खरं. फसवणूक एन्झाइम विक्रेत्याच्या पुढच्या वाक्यात असते: “कुठलीही ज्वारी घ्या, टॅनिनचं आमचं एन्झाइम बघून घेईल.”

नाही बघत. टॅनिन म्हणजे काही ज्वारीच्या दाण्यातलं, पचन अडवणारं तुरट द्रव्य. त्यावरचं टॅनेज एन्झाइम फक्त एस्टर नावाचे रासायनिक बंध तोडतं. ज्वारीतलं टॅनिन कंडेन्स्ड प्रकारचं, त्यातल्या कार्बन-कार्बन बंधांना ते हातही लावू शकत नाही. मग पिल्लांची वाढ दाखवणारा तक्ता पुढे येतो. तो गव्हाच्या खाद्याचा आहे का, हे आधी विचारा. गव्हात आतड्यात चिकटा करणारं विरघळणारं अरॅबिनोझायलन भरपूर, म्हणून ते तोडणाऱ्या झायलनेज एन्झाइमचा परिणाम ठळक दिसतो. ज्वारीत ते फारच कमी.

खरा घाव बसतो तो फायटेजच्या, म्हणजे दाण्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करणाऱ्या एन्झाइमच्या, नावाखाली. “हे घाला आणि डीसीपी (खाद्यात फॉस्फरससाठी घालायचं डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करा.” चांगल्या फायटेजच्या बाबतीत सल्ला बरोबरच आहे, म्हणून तर माणूस फसतो. नेहमीचा डोस किलो खाद्याला 500 एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचं एकक). ग्रॅमला 5,000 एफटीयूचा माल असेल तर टनाला 100 ग्रॅम पुरतो. ग्रॅमला 1,000 चा माल तेवढाच टाकला, तर किलोमागे 100 च पडतात. डब्यावर “बारा एन्झाइमांचं मिश्रण” लिहिलंय आणि एककं कुठेच नाहीत, तर हिशेबच होत नाही. तो डबा परत करा. माल खरा असला तरी संरक्षक थर नसलेलं (बिनकोटेड) फायटेज खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाच्या वाफेत, 85 अंश सेल्सिअसच्या पुढे, बरंचसं मरतं.

डीसीपी कापलेलं आणि फायटेज नावापुरतं, म्हणजे फॉस्फरस दोन्हीकडून गेला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं घोट्यावर बसायला लागतात. चोच बोटाने दाबली की रबरासारखी वाकते. मेलेल्या पिल्लाचं नळीचं हाड कट्कन मोडत नाही, लवतं. विक्रेता म्हणतो, “ज्वारीतल्या टॅनिनने झालं.” तेच टॅनिन, जे त्याचं एन्झाइम खाणार होतं! जास्त टॅनिनने पाय वाकडे होतात हे खरं, पण मऊ चोच टॅनिनची नव्हे.

ज्वारी घेताना रंगावर जाऊ नका. लाल दाणाही बिनटॅनिनचा असू शकतो. 3.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या 100 मिलीत 5 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा (हातमोजे घालूनच). त्यात 100 अखंड दाणे 20 मिनिटं ठेवा, दर 5 मिनिटांनी हलवा, मग धुऊन पांढऱ्या कागदावर पसरा. टॅनिनवाले दाणे काळे पडतात. मोजा.

एन्झाइमच्या प्रत्येक लॉटमधला थोडा माल हवाबंद करून, लॉट क्रमांक लिहून थंड जागी ठेवा. प्रयोगशाळेत फायटेजची क्रिया मोजून मिळते. तो निकाल हाती येईपर्यंत डीसीपीला हात लावू नका.

ज्वारीवरच्या पक्ष्यांचे पाय फिके दिसतात, कारण मक्यातलं पिवळं रंगद्रव्य त्यांना मिळत नाही. त्यावर “लिव्हर टॉनिक” घेऊन दारात येणाराही बहुधा तोच माणूस असतो.